निरोपाच्या नाटकाला संगीत देताना : कामाचा क्रम, तयारी आणि नेहमीच्या चुका

नाटक बसत आले की दिग्दर्शकाचा फोन येतो, शेवटच्या प्रवेशाला काहीतरी हळवे हवे आहे असे तो सांगतो, आणि संगीतकार त्याच रात्री बासरीवर शिवरंजनी रागाचा दीड मिनिटाचा तुकडा वाजवून पाठवून देतो. प्रेमात असलेली आणि आता एकमेकांना सोडून देणारी माणसे ज्या नाटकात आहेत, त्या नाटकाचे संगीत मुंबईतल्या एकांकिका स्पर्धांपासून दोन अंकी प्रयोगांपर्यंत बहुतेक वेळा असेच तयार होते. तुकडा वाईट नसतो, पण कामाचा क्रम उलटा झालेला असतो. अशा नाटकात संगीत कुठे थांबवायचे हे आधी ठरवावे लागते, कुठे सुरू करायचे हे त्यानंतर, आणि काय वाजवायचे हे सर्वांत शेवटी. पुढील टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत.

सोयीसाठी एक कल्पित नाटक समोर ठेवू. माहीमच्या एका जुन्या इमारतीतली दोन खोल्यांची जागा पुनर्विकासासाठी रिकामी करायची आहे. सव्वीस वर्षे संसार करून सहा वर्षांपूर्वी वेगळे झालेले नवरा-बायको सामान वाटून घेण्यासाठी एका दुपारी तिथे भेटतात. अंक दोन, पात्रे तीन (तिसरा शेजारी, जो चुकीच्या वेळी चहा घेऊन येतो), आणि कोपऱ्यात कुणीच न वाजवणारी एक पेटी.

टप्पा १ : संहितेचे वाचन, वाद्य हातात न घेता

संहिता तीनदा वाचावी. पहिल्या वाचनात पेन्सिल घेऊ नये. दुसऱ्या वाचनात प्रत्येक पात्र काय धरून बसले आहे त्याच्या खुणा कराव्यात; ती वस्तू असेल, एखादे वाक्य असेल, किंवा ‘तुला साखर कमी लागते ना’ असे विचारण्याची सवय असेल. तिसरे वाचन मोठ्याने, घड्याळ लावून करावे आणि प्रत्येक प्रवेशाची लांबी मिनिटांत लिहावी. मग एका वहीत चार रकाने आखावेत : पान क्रमांक, वाक्य किंवा कृती, कोण काय धरून आहे, आणि काय सुटते.

हा तक्ता भरताना एक गोष्ट लक्षात येते, आणि पुढचे सगळे काम तिच्यावर उभे राहते. दोन माणसे एकाच क्षणी सोडून देत नाहीत. आपल्या उदाहरणात बायकोने सहा वर्षांपूर्वीच सोडले आहे, तर नवरा दुसऱ्या अंकात, पितळी डबा तिच्या पिशवीत ठेवताना सोडतो. संगीत दोघांच्याही बाजूने एकाच वेळी बोलू लागले तर ते कोणाचेच राहत नाही, आणि प्रेक्षकाला फक्त ‘काहीतरी दुःखद चालले आहे’ एवढेच कळते. म्हणून संगीत कोणाच्या मनाबरोबर चालेल हे दिग्दर्शकासमोर बसून ठरवावे आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. माझे मत असे की ज्याने अजून सोडलेले नाही, त्याच्याबरोबर संगीताने राहावे. ज्याने सोडले आहे त्याला संगीताची गरज नसते.

तपासणी : ‘अमुक पात्र अमुक वाक्यावर अमुक गोष्ट सोडते’ हे एका वाक्यात सांगता येते का? येत नसेल तर पुढे जाऊ नये.

टप्पा २ : तालमीत बसणे

चाल बांधण्याआधी किमान तीन तालमी पूर्ण पाहाव्यात. दादर-परळकडच्या शाळांचे वर्ग संध्याकाळी तालमीसाठी मिळतात; तिथे पंखा, रस्ता आणि शेजारच्या वर्गातली दुसरी तालीम एवढे सगळे एकत्र ऐकू येते, त्यामुळे मोबाइलवर केलेल्या मुद्रणावर फार विसंबू नये. कानाने ऐकावे आणि लिहावे.

पहिली नोंद आवाजांची करावी. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण १०० ते १५० हर्ट्झच्या आणि स्त्रीचा १८० ते २५० हर्ट्झच्या आसपास असतो, परंतु शब्द स्पष्ट कळतात ते त्याच्या बरेच वर, सुमारे २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यातल्या व्यंजनांमुळे. बासरीची फुंक, व्हायोलिनचा गज आणि पेटीचा तिखट स्वर यांची चमक नेमकी याच पट्ट्यात येते. पार्श्वसंगीत हळू ठेवूनही वाक्ये ऐकू येत नाहीत, अशी तक्रार होते तेव्हा कारण बहुधा हेच असते, आणि आवाज आणखी कमी करून ती तक्रार मिटत नाही. बोलण्याखाली ठेवायचे असेल तर तानपुरा, सरोदचे खर्जातले स्वर, चेलो अशी खालच्या अंगाची वाद्ये निवडावीत. बासरी वापरायचीच असेल तर ती दोन वाक्यांच्या मधल्या जागेत वाजवावी.

दुसरी नोंद स्वरपट्टीची. कोणतेही पात्र रंगमंचावर गुणगुणणार असेल, तर त्या नटाला पेटीसमोर बसवून त्याची सहज पट्टी (पेटीची जी पट्टी ‘सा’ धरून त्याला आरामात गाता येते ती) काढावी. पुरुषांची ती बहुधा काळी एक किंवा पांढरी दोनच्या आसपास आणि स्त्रियांची काळी चार किंवा काळी पाचच्या आसपास निघते, पण अंदाजाने काम करू नये. तसेच नट बसून, उभ्याने की सामान उचलत गुणगुणणार आहे हे पाहून वरचा एक स्वर कमीच धरावा.

तिसरी नोंद शांततेची : कोणत्या वाक्यानंतर किती सेकंद कोणी बोलत नाही.

सावधान : पहिल्या तालमीत मोजलेल्या शांततेवर संगीताची लांबी बेतू नये. नटाला वाक्य विसरल्यामुळे पडलेली शांतता आणि पात्राची शांतता सुरुवातीला सारखीच दिसते. तिसऱ्या तालमीतला आकडा खरा मानावा आणि तोही बदलेल असे समजून चालावे.

टप्पा ३ : आधी शेवट, मग न वाजवायच्या जागा

आता संहितेत लाल पेन्सिलीने ज्या जागी संगीत असणार नाही त्या जागा आखाव्यात. ज्या वाक्यावर पात्र खरोखर सोडते ते वाक्य आणि त्याच्या आधीची दहा सेकंदे तरी कोरडी ठेवावीत; आधीपासून मंद चालू असलेला तानपुरा तेवढा चालेल. नवशिक्या संगीतकाराचा हात नेमका इथेच शिवशिवतो. परंतु त्या क्षणी सूर आला की नटाने दोन तास जमवलेले काम सुराच्या नावावर जमा होते, आणि प्रेक्षक माणसाकडे पाहण्याऐवजी स्वतःच्या गहिवराकडे पाहू लागतो.

त्यानंतर संगीताची शेवटची जागा ठरवावी. थांबण्याच्या तीन रीती आहेत. पहिली, एकदम तुटणे : वाजत असलेले एखाद्या कृतीवर बंद होते, जसे डब्याचे झाकण लागते त्या क्षणी. दुसरी, जागेच्या आवाजात विरणे : सूर जातो आणि खालून लोकलचा आवाज किंवा पाऊस उरतो. तिसरी, आणि या विषयाला सर्वांत जवळची, म्हणजे आधाराचा स्वर काढून घेणे. तानपुरा दहा-पंधरा मिनिटे अगदी मंद चालू असेल, तर प्रेक्षकाला तो ऐकू येतो आहे याची जाणीवही राहत नाही. तो थांबतो तेव्हाच कळते की इतका वेळ काहीतरी होते. घरातला पंखा वीज गेल्यावर थांबला की जे वाटते, तेच इथे उपयोगी पडते.

या तिन्हींना सोडून सगळे जण चौथी रीत वापरतात, ती म्हणजे आठ-दहा सेकंदांत हळूहळू आवाज उतरवणे. ती चुकीची आहे असे नाही, पण तिच्यामुळे ‘आता प्रवेश संपला’ एवढाच निरोप पोहोचतो आणि टाळ्या शेवटच्या वाक्यावर पडतात. प्रवेशबदलासाठी ती ठेवावी.

तपासणी : संगीताची शेवटची जागा दिग्दर्शक, प्रकाशयोजनाकार आणि संगीतकार या तिघांच्या प्रतींत एकाच शब्दावर लिहिलेली आहे का? प्रकाश आधी उतरणार की सूर आधी थांबणार, हे याच बैठकीत ठरवावे.

टप्पा ४ : एकच धून, आणि ती कमी करत नेणे

प्रेमाची एक चाल आणि वियोगाची दुसरी, अशी दोन खात्यांतली विभागणी करू नये. पहिल्या अंकात ज्या स्वरांनी जवळीक दाखवली, तेच स्वर दुसऱ्या अंकात कमी होत गेले तर प्रेक्षकाला काय गेले ते ऐकू येते. नवी दुःखद चाल आली तर जुने काही गेले असे वाटतच नाही. म्हणून धून एकच बांधावी, पाच ते सात स्वरांची, आणि तिच्यात एक जागा जाणूनबुजून अपुरी ठेवावी.

अपुरेपणा कसा आणायचा याचे एक उदाहरण मारवा रागातून घेता येईल. मारव्यात पंचम (प) वर्ज्य आहे, ऋषभ (रे) कोमल आणि मध्यम (म) तीव्र आहे, आणि गाणारा षड्जावर (सा) फारसा न थांबता ऋषभ-धैवतावर (रे-ध) रेंगाळतो. त्यामुळे घर समोर दिसत असून आत पाऊल पडत नाही अशी अवस्था तयार होते. मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, निषादावरून (नी) निघून कोमल ऋषभ, गंधार (ग), तीव्र मध्यम यांवरून धैवतापर्यंत जाणारी पाच स्वरांची ओळ घेतली, तर तिला षड्जाची ओढ असते पण ती षड्जावर कधी उतरत नाही. तानपुऱ्याची पहिली तार इथे पंचमाला लावता येत नाही, ती निषादाला किंवा धैवताला लावावी लागते, हेही मुद्रणाआधी लक्षात ठेवावे. रागाचे शास्त्र काटेकोर पाळण्याचे कारण नाही, कारण नाटकात मैफल नसते. मात्र धुनीत कोणता स्वर टाळला आहे आणि तो का, हे संगीतकाराला सांगता आले पाहिजे.

आता ही ओळ नाटकभर वाटावी. पहिल्या अंकाच्या सुरुवातीला, दार उघडून दोघे आत येतात तेव्हा, पाचही स्वर येतात. शेजारी चहा ठेवून जातो तेव्हा धैवत गळतो. मध्यंतराआधी गंधारापर्यंतच ओळ येते. दुसऱ्या अंकात, पेटीवरची धूळ पुसताना नवऱ्याचा हात चुकून पट्ट्यांवर पडतो, तेव्हा निषाद आणि ऋषभ हे दोनच स्वर, तेही ध्वनिक्षेपकातून न येता प्रत्यक्ष पेटीतून. त्यानंतर धून नाहीच. खाली फक्त तानपुऱ्याचा षड्ज राहतो, आणि डबा पिशवीत गेल्यावर तोही थांबतो. नाटकभर ज्या स्वराची वाट पाहायला लावली तो मिळत नाही, उलट आधारही काढला जातो. कागदावर हे फार बेतीव वाटेल, पण प्रेक्षक स्वर मोजत बसत नाहीत. त्यांना ओळ तोकडी होत चालली आहे एवढे जाणवते.

तपासणी : तालमीत पडदा सांभाळणारा किंवा चहा आणणारा मुलगा दोन दिवसांनी ही ओळ न सांगता गुणगुणतो का? नसेल तर ओळ फार अवघड झाली आहे. जी लक्षात राहिली नाही ती गेल्याचे कोणाला कळणार नाही.

इथल्या दोन चुका वारंवार दिसतात. एक, रागाला औषधाच्या बाटलीसारखे वापरणे : करुण हवे म्हणून शिवरंजनी, भक्ती हवी म्हणून आणखी काही. लय, वाद्य आणि प्रवेशातली जागा बदलली की त्याच स्वरांचा अर्थ बदलतो. दुसरी, शेवटी भैरवी ठेवणे. मैफलीचा आणि संगीत नाटकाचा समारोप भैरवीने करण्याची रूढी मराठी कानात इतकी मुरलेली आहे की तिचे चार स्वर ऐकताच मागच्या रांगांत पायाने चपला शोधल्या जातात.

टप्पा ५ : घराचे आवाज

या नाटकात घर हे चौथे पात्र आहे, आणि त्याचे आवाज संगीताच्याच वहीत लिहावेत. माहीमला पश्चिम आणि हार्बर अशा दोन्ही मार्गांच्या गाड्या जातात, त्यामुळे त्या घरात लोकलचा आवाज सतत असणार. म्हणूनच तो सतत वाजवू नये. पहिल्या अंकात तीनदा, तोही पात्रे बोलायची थांबतात तेव्हा, आणि दुसऱ्या अंकात एकदाच. कुकरची शिट्टी, मोबाइलची घंटा, जुना रेडिओ असे ज्या आवाजांचे ठिकाण प्रेक्षकाला दिसते किंवा ठाऊक असते, ते मुख्य ध्वनिक्षेपकांतून सोडू नयेत. स्वयंपाकघराच्या विंगेत एक लहान स्पीकर ठेवून तिथूनच सोडावेत, नाहीतर कुकर प्रेक्षकांच्या डोक्यावर शिजतो.

सावधान : रेडिओवर जुने चित्रपटगीत लावायचा मोह होतो. गाण्याचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द आणि चालीवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, तर ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे. म्हणजे मुद्रण मोकळे झाले तरी गाणे मोकळे झालेले नसू शकते, आणि तेच गाणे नव्याने गाऊन घेतल्याने प्रश्न सुटत नाही. परवानगी घ्यावी, नाहीतर जुन्या वळणाचे स्वतःचे गाणे बांधावे. रेडिओच्या खरखरीतून दोनच ओळी ऐकू यायच्या असतील तर ते अवघड नाही.

टप्पा ६ : ध्वनिमुद्रण

पावसाळ्यात चामड्याची वाद्ये ओलसर हवेने उतरतात. तबला-ढोलकी मुद्रणाच्या खोलीत तासभर आधी आणून ठेवावी आणि प्रत्येक तुकड्यानंतर सूर तपासावा. सगळे तुकडे एकाच डिजिटल मापाने, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट ठेवावेत. तानपुरा, धून आणि जागेचे आवाज वेगळे मुद्रित करावेत आणि वेगळेच द्यावेत. एकत्र करून दिलेल्या फाइलमधून नाट्यगृहात फक्त तानपुरा वाढवता येत नाही, आणि या रचनेत तर तानपुराच निर्णायक आहे.

प्रवेशबदलाचे संगीत स्टॉपवॉच लावून बेतावे. तालमीत बॅकस्टेजच्या मंडळींना कपाट हलवायला चाळीस सेकंद लागत असतील तर तुकडा चाळीस सेकंदांचा करू नये. कोणत्याही आवर्तनावर थांबवता येईल अशी फिरती ओळ करावी. फाइलींची नावे क्रमांकाने सुरू व्हावीत. ‘शेवट नवा अंतिम दोन’ अशा नावाच्या फाइलने अनेक प्रयोग बुडाले आहेत.

टप्पा ७ : क्यूशीट आणि संगीत संचालन करणारी व्यक्ती

क्यू म्हणजे आवाज सुरू किंवा बंद करण्याची खूण, आणि क्यूशीट म्हणजे त्या खुणांची यादी. तिच्यात प्रत्येक क्यूसाठी पाच गोष्टी लिहाव्यात : क्रमांक, सावध करणारे वाक्य, प्रत्यक्ष सुरू करण्याचा शब्द किंवा कृती, आवाजाची पातळी, आणि थांबण्याचा शब्द किंवा कृती. शेवटचा रकाना बहुतेक क्यूशीटमध्ये रिकामा असतो. या नाटकात तोच आधी भरावा.

शब्दावरचे क्यू आणि कृतीवरचे क्यू वेगळ्या रंगात लिहावेत. शब्द चुकू शकतो, नट वाक्य गाळू शकतो, पण डबा पिशवीत गेल्याशिवाय राहत नाही. म्हणून महत्त्वाचे क्यू कृतीवर बांधावेत. संचालन करणाऱ्याला, म्हणजे प्रयोगात हे क्यू प्रत्यक्ष वाजवणाऱ्याला, शेवटच्या आठवड्यात आणून बसवू नये. त्याला नटाचा श्वास ओळखता आला पाहिजे, आणि ते सात-आठ तालमींशिवाय होत नाही.

टप्पा ८ : नाट्यगृहात

मुंबईत नाट्यगृह प्रयोगाच्या सत्रापुरतेच मिळते, आणि त्यातलाही बराच वेळ नेपथ्य आणि दिवे खातात. संगीताला अर्धा तास मिळाला तर तो नशिबाचा भाग. म्हणून तपासण्याचा क्रम घरून लिहून न्यावा : आधी तानपुरा, मग बोलण्याखाली येणारे क्यू नटासह, मग विंगेतला स्पीकर, आणि वेळ उरला तर प्रवेशबदल. ध्वनिक्षेपणाच्या टेबलाशी उभे राहून पातळी ठरवू नये. मागच्या रांगेत आणि बाल्कनी असल्यास तिथेही जाऊन ऐकावे. जुहूच्या पृथ्वी थिएटरसारख्या, तीन बाजूंनी प्रेक्षक असलेल्या जागेत, समोरच्या दोन स्पीकरांवर बेतलेले सगळे पुन्हा ऐकावे लागते. रिकाम्या नाट्यगृहात आवाज घुमतो आणि भरलेल्या नाट्यगृहात कपडे-माणसे तो शोषून घेतात, हे धरून बोलण्याखालचे क्यू किंचित वाढवायची तयारी ठेवावी. लॅपटॉप विमान मोडवर टाकावा, सूचना बंद कराव्यात आणि सर्व फाइली दुसऱ्या यंत्रावरही तयार ठेवाव्यात.

यातली एक तपासणी मी एकदा वगळली. वर सांगितलेली, आधाराचा स्वर काढून घेण्याचीच रचना होती. तपासणी दुपारी केली तेव्हा वातानुकूलन बंद होते आणि तानपुरा थांबल्यावर सभागृह पोकळ झाल्यासारखे वाटले. आम्ही खूश होऊन चहाला गेलो. रात्री वातानुकूलन चालू झाले, त्याच्या घरघरीत तानपुरा पहिल्यापासूनच बुडाला, आणि तो थांबला हे माझ्याशिवाय कोणालाही कळले नाही. शेजारी बसलेल्या मित्राने मध्यंतरात विचारले की संगीत कधी सुरू होणार.

त्यानंतर मी दोन गोष्टी करतो. पातळी ठरवताना वातानुकूलन चालू करायला लावतो, त्यासाठी व्यवस्थापकाची कितीही मनधरणी करावी लागली तरी. आणि तानपुऱ्याची पट्टी निवडताना पांढरी पाच टाळतो. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे यंत्रांची आणि खराब जोडणीची गुणगुण ५० आणि १०० हर्ट्झवर येते, जे स्वर पांढरी पाचच्या अगदी जवळचे आहेत. षड्ज तिथे लावला तर तानपुरा थांबवल्यावरही सभागृह तो स्वर मंदपणे धरून ठेवते. काळी चार किंवा काळी पाचवर सरकले की षड्जापुरती ही अडचण राहत नाही. नटाच्या गुणगुणण्याची पट्टी आड येत असेल, तर आधी स्पीकरची जोडणी तपासून घ्यावी.

पहिल्या तीन प्रयोगांत संगीतकाराने टेबलाशी न बसता प्रेक्षकांत बसावे आणि फक्त एकच गोष्ट लिहावी : कोणता क्यू आला नसता तरी चालले असते. तिसऱ्या प्रयोगानंतर ते क्यू दिग्दर्शकाला दाखवून काढून टाकावेत, क्यूशीटला नवे क्रमांक द्यावेत, आणि जुनी प्रत संचालकाच्या फाइलमधून त्याच रात्री काढून घ्यावी.